आडवाटेवरील जीप : चालकाने घ्यावयाची दक्षता

पुणे शहराच्या पश्चिमेस मावळ-मुळशीच्या चढउतारांच्या वाटा आहेत, तर पूर्वेस दौंड-इंदापूरकडील काळी जमीन आहे. विस्तारकार्यासाठी शहरातून निघणाऱ्या कार्यकर्त्यास या दोन्ही भागांतून गाडी न्यावी लागते. चारही चाकांना इंजिनाचा जोर पोहोचविणारी गाडी अशा कामी फार उपयोगी पडते. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामुदायिक विकास योजना सुरू झाली आणि जीप हे ग्रामविकासाच्या कामातील परिचित वाहन झाले. आज पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारीही अशा गाड्या आहेत. परंतु त्यांच्या सामर्थ्याविषयी एक गैरसमज रूढ आहे आणि तो प्रसंगी जिवावर बेततो.

जोर कशाचा वाढतो?

चारही चाके फिरू लागली म्हणजे गाडीची पुढे सरकण्याची शक्ती वाढते. थांबण्याची शक्ती वाढत नाही. ब्रेक सर्वच मोटारींच्या चारही चाकांना असतात. घसरट जमिनीवर थांबणे हे टायरच्या पकडीवर अवलंबून असते आणि ती पकड दांडा ओढल्याने वाढत नाही. म्हणून ज्या वेगाने गाडी सहज जाऊ शकते, तो वेग सुरक्षित असतोच असे नाही.

दांड्याने जोडावयाचा चारचाकी जोर कोरड्या डांबरी रस्त्यावर वापरू नये. वळणावर पुढील चाके मागील चाकांपेक्षा अधिक अंतर कापतात. मऊ जमिनीत हा फरक चाके किंचित घसरून भरून निघतो; डांबरावर तो निघत नाही व यंत्रावर ताण येतो.

वाफसा पाहूनच शिवारात जावे

वाफसा नसताना शेतकरी रानात औत घालीत नाही. गाडीस हाच नियम लागू आहे. काळी माती पाण्याने फुगते, टायरच्या खाचांत भरते आणि टायर गुळगुळीत होतो. शिवाय ओल्या रानात चाक गेल्याने माती दबून घट्ट होते व त्याचे नुकसान पुढे पिकास सोसावे लागते. पाणंद ओली असेल तर गाडी पक्क्या जागी ठेवून पायी जाणे, हेच शहाणपणाचे.

जाणे अटळच असेल तर चालकाने उतरून वाट आधी पायाने पाहावी. मग संथ गिअरमध्ये, एकसारख्या गतीने जावे. मध्येच थांबू नये. स्टिअरिंग धरताना अंगठे आतील बाजूस अडकवू नयेत. चाक दगडावर आदळून स्टिअरिंग झटक्याने फिरल्यास अंगठा मोडू शकतो.

चढ आणि उतार

चढावर गाडी सरळ चढवावी व सरळ उतरवावी. उताराला आडवी नेल्यास ती कलंडण्याचा धोका असतो. बियाणे-खतांची पोती टपावर लादल्यास हा धोका आणखी वाढतो. ओझे खाली व घट्ट बांधलेले असावे. उतरताना सर्वांत संथ गिअर टाकून इंजिनानेच गती रोखावी. क्लच दाबून गाडी सोडू नये. चढावर इंजिन बंद पडल्यास गाडी वळवू नये. ब्रेकने ती रोखून धरावी, उलटा गिअर टाकून इंजिन सुरू करावे आणि आल्या वाटेने सरळ मागे यावे.

वाहत्या पाण्यापुढे थांबावे

खडकवासल्यातून मोठा विसर्ग सोडला की पुण्यात मुठेवरील बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो व वाहतुकीस बंद करावा लागतो. गावच्या फरशी पुलावर मात्र अडविणारा कोणी असेलच असे नाही. तेथे चालकानेच स्वतःस अडवावे. सुमारे दोन फूट वाहते पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकते. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट होतो. गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की वाहून गेली, हे वरून कळत नाही. इंजिनात पाणी शिरून ते बंद पडले असेल तर पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. आतील दांडे वाकतात.

गाडी रुतल्यावर

चाक जागीच फिरू लागताच पाय काढावा. जोर केल्याने खड्डा खोल होतो. चाकापुढील माती फावड्याने काढून मुरूम, दगड किंवा गोणपाट घालावे. टायरमधील हवा थोडी कमी केल्यास जमिनीवरील पकड वाढते. पक्क्या रस्त्यावर येताच ती पुन्हा भरावी. दोराने ओढताना माणसे दोराच्या लांबीपेक्षा अधिक दूर उभी करावीत, कारण तुटलेला दोर चाबकासारखा उसळतो.

फावडे, दोर, हवा मोजण्याचे यंत्र व दोन गोणपाटे एवढे सामान गाडीत नेहमी असावे. ओढ्याचे पाणी ओसरेपर्यंत थांबल्याने एखादी भेट दुसऱ्या दिवसावर जाईल. बियाणे एक दिवस उशिरा पोहोचले तरी पेरणी होते. ते नेणारा माणूस मात्र सुखरूप परतला पाहिजे.