आजार बरा होणार नसेल, तेव्हाची उपकारस्तुती

नगर, जालना, पुणे, सोलापूर या भागांतील मराठी ख्रिस्ती कुटुंबांत एक जुनी रीत आहे. घरातील आजारी माणूस इस्पितळातून बरा होऊन परतला, की एका संध्याकाळी पाळकसाहेबांना बोलावतात. शेजारीपाजारी जमतात, चार गीते गायिली जातात, प्रार्थना होते आणि शेवटी चहा-फराळ होतो. हीच घरची उपकारस्तुती. वाचकहो, आपल्यापैकी अनेकजण अशा सतरंजीवर बसले असतील. परंतु या रीतीतील एक अडचण वय झाल्यावरच ध्यानात येते. जो आजार बरा होणारच नाही, त्याचे काय? कंपवाताने थरथरणारा हात, दिवसेंदिवस पुसट होत जाणारी स्मृती, पक्षाघाताने गेलेली वाचा ज्या घरात आहे, त्या घराने उपकारस्तुती कोणत्या दिवशी करावी?

हा प्रश्न मनात आला म्हणून स्वतःला अश्रद्ध समजू नका. तो बायबलच्या वाचकांना फार पूर्वीपासून पडत आला आहे. पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात उपकारस्तुतीचा उपदेश केला आहे. तेथे सर्व स्थितींमध्ये आभार मानावयास सांगितले आहे. प्रत्येक स्थितीबद्दल आभार माना, असे त्या वाक्यात नाही. फरक एका प्रत्ययाचा आहे, पण आजाऱ्याच्या खाटेशेजारी बसणाऱ्यास तो फार मोठा वाटतो.

याच वाक्यावरून दोन बहिणींमध्ये झालेला मतभेद प्रसिद्ध आहे. हॉलंडमधील हार्लेम शहरात टेन बूम हे घड्याळजीचे कुटुंब राहत असे. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी आपल्या घरी ज्यू लोकांना लपविले. फेब्रुवारी १९४४ मध्ये नाझींनी घरावर छापा घालून या कुटुंबाला पकडले. वडील कॅस्पर त्या वेळी ८४ वर्षांचे होते. अटकेनंतर अवघ्या दहा दिवसांत ते कैदेतच वारले. बेट्सी आणि कॉरी या त्यांच्या प्रौढ, अविवाहित मुलींना पुढे जर्मनीतील राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत नेण्यात आले. त्यांना मिळालेली बराक माणसांनी खचाखच भरलेली होती आणि तिच्यात पिसवांचा सुळसुळाट होता. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पत्राचा आधार घेऊन बेट्सीने तेथील एकेका गोष्टीबद्दल आभार मानावयास आरंभ केला. दोघी एकत्र आहेत, लपवून आणलेले बायबल हाती आहे, आणि शेवटी या पिसवाही आहेत! कॉरीला हे पटले नाही. पिसवांसाठी आपल्याकडून आभार मानले जाणे शक्य नाही, असे तिने स्पष्टच सांगितले.

काही काळाने एक गोष्ट उघडकीस आली. रोज रात्री त्या बराकीत बायबलवाचन चाले, तरी पहारेकरी कधी आत येत नसत. मोजे विणणाऱ्या बायकांमध्ये एकदा मापावरून घोटाळा झाला. त्यांनी देखरेख करणाऱ्या बाईला बोलावले, तेव्हा ती उंबरठ्यावरच थांबली. पिसवांमुळे आत पाऊल टाकण्यास कोणीच तयार नव्हते.

ही कथा प्रवचनांतून पुष्कळदा सांगितली जाते आणि बहुधा येथेच संपविली जाते. ऐकणाऱ्याला वाटते, की प्रत्येक दुःखाच्या पोटी काहीतरी लाभ दडलेला असतो आणि तो शोधून काढणे हीच कृतज्ञता. हे मला मान्य नाही. बेट्सी डिसेंबर १९४४ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, त्याच छावणीत मरण पावली. त्या मरणाचा हिशेब पिसवांच्या उपयोगाने चुकता होत नाही. शिवाय पिसवांचा उपयोग कळण्याआधीच तिने आभार मानले होते. लाभ दिसल्यावर आभार मानणे कोणासही साधते. आणि ज्या कॉरीला ते आभार मानवले नाहीत, तिची श्रद्धा त्यामुळे उणी ठरली नाही, हेही या कथेतच आहे. म्हणून आपल्या आईला, सासऱ्यांना किंवा स्वतःलाही, दुखण्याबद्दल आभार मानण्याची सक्ती करू नका. दुखण्यातही जे उरले आहे, त्यासाठी आभार मानावेत. दुखणे हे दुखणेच राहू द्यावे.

कॉरी सुटली. पुढील तीस वर्षे तिने साठाहून अधिक देशांत फिरून व्याख्याने दिली. ऑगस्ट १९७८ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, तिला पक्षाघाताचा झटका आला आणि वाणी हेच जिचे साधन, तिची वाचा गेली. पुढे आणखी झटके आले आणि ती अंथरुणाला खिळली. तिची सहकारी पामेला रोझवेल हिने कॅलिफोर्नियातील घरी इतरांच्या मदतीने तिची शुश्रूषा केली आणि त्या पाच मूक वर्षांवर पुस्तक लिहिले. १५ एप्रिल १९८३ रोजी, आपल्या ९१ व्या वाढदिवशी, कॉरी वारली. पिसवांची कथा सर्वांना ठाऊक असते. या पाच वर्षांविषयी मात्र क्वचितच बोलले जाते. आपल्या घरांतील परिस्थिती त्या छावणीपेक्षा या शयनगृहाशी अधिक जुळते.

शुश्रूषा करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. स्तोत्रसंहितेत स्तुतीची गीते आहेत, तशीच विलापाचीही पुष्कळ आहेत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याच्या शेवटी आभाराचा एकही शब्द येत नाही. तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात राहिले आहे. रुग्ण रडू लागला, की 'इतरांचे याहून वाईट आहे' असे सांगून त्याला गप्प करू नये. रडून झाल्यावर तोंड पुसावयास ओला रुमाल द्यावा, थोडा वेळ हात धरून बसावे. आभाराची गोष्ट त्या संध्याकाळी निघालीच नाही, तरी बिघडत नाही.

वैद्यकाच्या बाजूने थोडे सांगतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो यांनी २००३ मध्ये कृतज्ञतेवरील काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतील एका प्रयोगात मज्जा-स्नायूंचे विकार असलेली ६५ प्रौढ माणसे होती. त्यांच्यापैकी एका गटाने २१ दिवस रोज आभार मानण्याजोग्या गोष्टी लिहिल्या. दुसऱ्या गटाच्या तुलनेत त्यांनी झोप अधिक मिळाल्याचे आणि मन अधिक प्रसन्न असल्याचे सांगितले. त्यांचा आजार यामुळे बरा झाला नाही आणि तसा दावाही कोणी केला नाही. लहानसा प्रयोग आहे. त्याला औषधाचे मोल देऊ नये. उदासी, भूक मंदावणे, झोप उडणे, कशातच मन न लागणे ही लक्षणे सलग दोन आठवडे टिकली, तर ते नैराश्य असू शकते. अशा वेळी प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवेत. मरणाची इच्छा बोलून दाखविली, तर दोन आठवडेही थांबू नये. हे शुश्रूषा करणाऱ्यालाही लागू आहे, कारण त्याची चौकशी करणारे घरात सहसा कोणी नसते.

रात्रीचे जेवण आणि औषधे आटोपल्यावर पाच मिनिटे पुरेत. आज कोणी काय केले, एवढेच आठवावे. फिजिओथेरपीची मुलगी पावसातून आली, नातवाने व्हिडिओ कॉल केला, पेज अर्धी वाटी का होईना पोटात गेली. बोलता येत नसेल, तर आपण एकेक नाव घ्यावे आणि रुग्णाने हात दाबावा. स्मृतिभ्रंश झालेल्यांना नाव आठवत नाही, तेथेही बालपणी पाठ झालेले गीत पुष्कळदा ओठांवर येते. आपण पहिली ओळ धरून थांबावे, पुढची येते का ते पाहावे. एखाद्या रात्री काहीच सुचले नाही, तर तेवढे देवाला सांगून दिवा मालवावा.

आणि ती घरची उपकारस्तुती? तीही करावी; बरे होण्याची वाट पाहू नये. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस किंवा साधा रविवारही चालतो. वेळ सकाळची ठेवावी, कारण संध्याकाळी अनेक वृद्धांची अस्वस्थता वाढते. आठदहाच माणसे बोलवावीत, वीस मिनिटांत आटोपावे. खाट मधल्या खोलीत आणता आली, तर आणावी. फराळ पाहुण्यांनी आपल्या घरून आणावा. पाळकसाहेबांना आधीच सांगून ठेवावे, की प्रार्थनेत आजाऱ्याच्या नावापाठोपाठ सेवा करणाऱ्या सुनेचे, मुलाचे किंवा पगारी बाईचेही नाव घ्यावे. जमलेल्यांपैकी दोघांनी त्याच दुपारी रुग्णाजवळ बसावे, म्हणजे त्या माणसाला तीन तास बाहेर जाता येईल.