भ्रमणध्वनीद्वारे कृषिपंपाचे दूरनियंत्रण : नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
नांदेड व लातूर जिल्ह्यांतील ओलिताची शेती विहिरी, बोअर तसेच गोदावरी, मांजरा, तेरणा, मन्याड या नद्यांच्या पाण्यावर उभी आहे. पाणी असले तरी ते उपसण्यासाठी लागणारी थ्री फेज वीज कृषिपंपांना ठराविक तासच आणि बहुतांश ठिकाणी आळीपाळीने दिवसा व रात्री मिळत आली आहे. त्यामुळे केवळ 'लाईट आली का' हे पाहण्यासाठी अपरात्री, चिखलातून, साप-विंचवाच्या भयात शेतकऱ्यास मोटारीपर्यंत जावे लागते. या खेपेवरील उपाय म्हणून भ्रमणध्वनीवर चालणाऱ्या स्टार्टरचा विचार करावा लागतो. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी विकसित केलेल्या 'नॅनो गणेश' या अशाच उपकरणास २००९ मध्ये नोकियाच्या स्पर्धेत पुरस्कार मिळाला होता.

आज्ञेचे स्वरूप :
स्टार्टरच्या पेटीशेजारी सिमकार्ड असलेला मोडेम, सूक्ष्मनियंत्रक व रिले बसविलेले असतात. फोन येताच उपकरण तो क्रमांक नोंदविलेल्या क्रमांकांपैकी आहे काय हे तपासते, मगच कॉल उचलते. त्यानंतर दाबलेल्या प्रत्येक कळीतून एकाच वेळी दोन स्वर निघतात. उदाहरणार्थ, '१' या कळीचे स्वर ६९७ व १२०९ हर्ट्झचे असतात. स्वरांची ही जोडी ओळखून रिले स्टार्टरला चालू वा बंद करतो. मानवी आवाजात नेमकी अशी जोडी सहसा जुळत नाही, म्हणून बोलण्याने मोटार सुरू होण्याचा संभव अत्यल्प असतो.

एसएमएसनेही आज्ञा देता येते. परंतु संदेश मध्यवर्ती केंद्रात साठून पुढे जातो व कधी विलंबाने पोहोचतो. 'बंद' ही आज्ञा अर्ध्या तासाने पोहोचली तर विहिरीचा तळ लागून मोटार कोरडी फिरू शकते. म्हणून बंद करण्यासाठी, उपकरणाचा प्रतिसाद तत्काळ ऐकू येणारा कॉलच अधिक भरवशाचा होय.

आज्ञा पोहोचली म्हणजे पाणी आले, असेही नव्हे. मोटार घेत असलेला विद्युतप्रवाह मोजणारे उपकरणच कोरडी मोटार किंवा गेलेला फेज ओळखून शेतकऱ्यास उलट कळवू शकते. केबल तोडली गेल्याची सूचनाही याच मार्गाने मिळते, मात्र त्यासाठी उपकरणात स्वतंत्र बॅटरी हवी. केवळ टू-जी मोडेम असल्यास २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओचे सिम त्यात चालत नाही. सिमची वैधता संपली तर उत्तम उपकरणही मुके होते.

सुरक्षितता व रोहित्राचा प्रश्न :
मोटारीची दुरुस्ती चालू असताना घरून दुसऱ्याने कळ दाबल्यास जिवावर बेतू शकते. उपकरणावर विसंबून न राहता मुख्य स्विच खाली ओढणे व फ्यूज काढणे अनिवार्य आहे. कारखान्यातून आलेला पासवर्डही बदलावा. तो बहुधा तसाच राहतो.

याहून व्यापक प्रश्न रोहित्राचा आहे. थेट सुरू होणारी मोटार क्षणभर पूर्णभाराच्या सुमारे पाच ते सात पट प्रवाह घेते. ऑटोस्विचमुळे वीज येताच सर्व मोटारी एकदम सुरू होतात, रोहित्रावर अतिभार येतो आणि ते जळाल्यास नवे येईपर्यंत उभी पिके वाळतात. शेतकरी आपापल्या सोयीने कळ दाबतात तेव्हा हा भार विभागला जातो. परंतु अनेक उपकरणांत 'ऑटो' ही सोय असतेच, व ती चालू ठेवली की दूरनियंत्रकाचाही ऑटोस्विच होतो. निदान वीज आल्यानंतरचा विलंबकाळ प्रत्येक पंपास वेगळा ठेवणे, हे एका रोहित्रावरील शेतकऱ्यांना आपसात बसून ठरविता येण्याजोगे आहे.