लेखांक ७ : वहीत न मावलेली भूक

मांडूला रूपमतीच्या मंडपावर चढलं की गाइड दक्षिणेकडे बोट करतो : हवा स्वच्छ असेल तर इथून नर्मदा दिसते. पर्यटक डोळे बारीक करून बघतात आणि फोटो काढून उतरतात. खाली पसरलेल्या निमाडात धार जिल्ह्याचे धरमपुरी, मनावर, कुक्षी हे तालुके येतात. सरदार सरोवर धरणाचं पाणी याच काठांवर चढलं.

भूक आणि गरिबीच्या प्रश्नात विद्यापीठाने नेमकं काय करायचं, हा या लेखमालेचा विषय. त्याचं एक ठसठशीत उदाहरण याच धरणात सापडतं.

१९८५ मध्ये जागतिक बँकेने धरण आणि कालव्यांसाठी ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. सोबत अट होती : पुनर्वसनावर प्रत्येक राज्यात एका स्वतंत्र संस्थेने लक्ष ठेवायचं. गुजरातसाठी सुरतचं सेंटर फॉर सोशल स्टडीज आलं, महाराष्ट्रासाठी मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे टिस. मध्य प्रदेशाचं काम सागरच्या डॉ. हरिसिंग गौर विद्यापीठाकडे गेलं. सर्वांत जास्त बुडीत गावं मध्य प्रदेशात, आणि सागर तिथून सुमारे ४०० किलोमीटरवर!

मोजायचं काय, हे नर्मदेच्या पाणीतंट्यावरच्या लवादाने १९७९ मध्ये ठरवून दिलं होतं. ज्याची २५ टक्क्यांहून जास्त जमीन जाते त्याला जमिनीच्या बदल्यात जमीन, किमान २ हेक्टर. सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब. कागदावर हे उदारच होतं. पण सगळी मदार सातबाऱ्यावर. महाराष्ट्रातल्या अक्कलकुवा-अक्राणीच्या डोंगरात भिल्ल-पावरा कुटुंबं पिढ्यानपिढ्या जी जमीन कसत आली, ती वनखात्याच्या नावावर. म्हणजे कसणारा ‘अतिक्रमणदार’, आणि अतिक्रमणदार म्हणजे भूमिहीन. गुजरातने १९८७ मध्ये अशांनाही २ हेक्टर देऊ केले. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने हात आखडता घेतला. टिसच्या पाहणीचं मोल मला इथे वाटतं. तलाठ्याच्या दप्तरात नसलेली शेती तिने घरोघर जाऊन नोंदवली, आणि तीही ज्या सरकारने तिला नेमलं त्याच्यासमोर मांडली. मेधा पाटकरही याच संस्थेच्या विद्यार्थिनी. पीएच.डी. अर्धवट टाकून त्या खोऱ्यात राहिल्या, हे पुष्कळांना ठाऊक आहे. संस्थेच्या अहवालांबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

निमाडातला प्रश्न आणखी अवघड. इथे काळी, ओलिताची जमीन असलेले मोठे शेतकरी आहेत आणि त्यांच्याच शेतावर राबणारे मजूरही. नदी ओसरली की गाळपेर करणारे केवट-कहार आहेत : उघड्या पडलेल्या वाळूवर डांगर, काकडी, आणि जोडीला मासळी. कुंभाराची वीटभट्टी काठच्या मातीवर चालते. आता कुटुंबनोंदीत ‘जमीन किती’ या रकान्यात केवटाने काय लिहायचं? शून्य. त्या शून्याच्या आधारावर त्याचं घर वर्षभर जेवत होतं. पाणी कायमचं चढलं की वाळू गेली आणि वाळूबरोबर हंगाम गेला.

जागतिक बँकेने नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या स्वतंत्र समितीने १९९२ मध्ये अहवाल दिला : आहे त्या परिस्थितीत सगळ्या विस्थापितांचं पुनर्वसन होणं शक्य नाही. मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेलं कर्ज नाकारलं. स्वाभिमानाचा निर्णय म्हणून तो गाजला, पण बाहेरून हिशेब मागणारं एक दारही त्याने बंद झालं. पुढे मध्य प्रदेशाने जमिनीऐवजी रोख रक्कम देऊ केली. दलालांनी खोट्या रजिस्ट्र्या करून ती लाटली, आणि न्या. झा आयोगाला वर्षानुवर्षं त्याचीच चौकशी करावी लागली. ८ फेब्रुवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांची २ हेक्टर जमीन देणं बाकी होतं त्यांना प्रत्येक कुटुंबामागे ६० लाख रुपये द्यायला सांगितलं. सप्टेंबर २०१९ मध्ये धरण १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. कुक्षी तालुक्यात निसरपूर, चिखलदा पाण्याखाली गेली. ६० लाखांचा हिशेबही जमिनीवरूनच सुरू झाला होता. केवटाच्या रकान्यात शून्यच होतं.

पुढच्या आठवड्यात याच धार जिल्ह्यातलं पीथमपूर : २ जानेवारी २०२५ ला भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन विषारी कचरा तिथे जाळायला आला, आणि गाव रस्त्यावर उतरलं.