विज्ञानातील कल्पना आपल्या भाषेत : ‘इन्स्पायर पुरस्कार – मानक’ योजना

सरकारी हायस्कूलच्या एकाच वर्गात अनेकदा वेगवेगळ्या भाषांची मुले बसतात. सुरत किंवा हैदराबादसारख्या शहरात कामासाठी गेलेल्या कुटुंबांतील मुले घरी मराठी, ओडिया किंवा भोजपुरी बोलतात आणि शाळेत दुसऱ्याच भाषेत विज्ञान शिकतात. अशा मुलाला बाष्पीभवनाची व्याख्या सांगता येत नसेल. पण माठाला ओले फडके गुंडाळले की पाणी गार राहते, हे त्याला घरी कळलेले असते. शिक्षकांनी धडा तिथून सुरू केला, तर गप्प बसणारे मूलही बोलू लागते. अशा अनुभवातून सुचलेल्या नव्या कल्पनेला ही योजना पाठबळ देते.

योजना काय आहे?
केंद्र सरकारचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग ही योजना गांधीनगर येथील राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानासोबत राबवतो. निवड झालेल्या विद्यार्थ्याला आपल्या कल्पनेचे मॉडेल बनवण्यासाठी 10,000 रुपये मिळतात. ही रक्कम थेट बँक खात्यात जमा होते.

कोण भाग घेऊ शकतो?
• सरकारी तसेच खासगी शाळांतील विद्यार्थी.
• पूर्वी ही योजना इयत्ता 6 वी ते 10 वीसाठी होती. आता 11 वी व 12 वीचे विद्यार्थीही पात्र आहेत.

कोणत्या भाषेत लिहावे?
कल्पना कोणत्याही भारतीय भाषेत सादर करता येते. इंग्रजी येत नाही, म्हणून आपल्या पाल्याने मागे राहू नये.

कशी कल्पना चालते?
रोजच्या अडचणीवर स्वतः शोधलेला उपाय हवा. उदाहरणार्थ, आईला कापूस वेचताना खांद्यावर येणारा भार कमी करणारी पिशवी, किंवा आजोबांना अंधारात उपयोगी पडेल अशी काठी. कल्पनेतील नवेपणा, समाजाला होणारा उपयोग, वापरातील सोपेपणा आणि पर्यावरणाचा विचार पाहिला जातो. पुस्तकातील किंवा बाजारातून आणलेले तयार मॉडेल चालत नाही.

अर्ज कसा करावा?
1. विद्यार्थ्याने कल्पना थोडक्यात लिहून, शक्य असल्यास चित्र काढून, विज्ञान शिक्षकांकडे द्यावी.
2. शाळा अंतर्गत स्पर्धा घेऊन उत्तम कल्पना निवडते.
3. मुख्याध्यापक योजनेच्या पोर्टलवर नामांकन भरतात. त्यासाठी शाळेची एकदा नोंदणी झालेली असावी लागते. विद्यार्थ्याला स्वतः थेट अर्ज करता येत नाही.

निवडीनंतर काय होते?
मॉडेल आधी जिल्हा, मग राज्य आणि शेवटी राष्ट्रीय प्रदर्शनात मांडले जाते. पुढच्या फेरीसाठी निवड झाली नाही, तरी मॉडेल बनवण्याचा अनुभव मुलाजवळ राहतो.

पालकांनी काय करावे?
• शाळेची नोंदणी झाली आहे का आणि यंदाची अंतिम तारीख कोणती, हे मुख्याध्यापकांना विचारा.
• बँक खाते चालू आहे याची खात्री करा. खात्यावरील नाव शाळेतील नोंदीशी जुळते का, तेही पाहा.
• नामांकन किंवा निवडीसाठी कोणत्याही मध्यस्थाला पैसे देऊ नका.
• कल्पना मुलाचीच राहू द्या. मोठ्यांनी प्रश्न विचारावेत, साहित्य मिळवून द्यावे. उत्तर मात्र मुलाला शोधू द्यावे.