एआय एजंटला तुमचा ‘हळदी’ रंग कळतो का?

व्हिडिओत आपण रंगाचा नमुना बनवणारं टूल एआय एजंटला जोडलं. आता खरं काम, त्या टूलची माहिती लिहून ठेवणं.

समजा, तुमचा मसाल्यांचा ब्रँड आहे. एजंटला नुसतं ‘हळदीसारखा पिवळा दे’ म्हणालात, तर आज एक पिवळा येईल, उद्या दुसरा. पाकीट एका रंगाचं, बॅनर भलत्याच! मग गिऱ्हाईक तुमचा माल ओळखणार कसा?

म्हणून चार गोष्टी साध्या भाषेत लिहा:

१. कधी वापरायचं: ब्रँडचा रंग लागेल तेव्हा. अंदाजाने रंग निवडायचा नाही.
२. काय द्यायचं: रंगाचं नाव आणि लाल, हिरवा, निळा यांचे आकडे, प्रत्येकी ० ते २५५. उदा. हळदी: २४०, १८०, ०.
३. काय मिळेल: रंगाचा चौकोन, खाली नाव आणि आकडे.
४. चुकलं तर: आकडा २५५ च्या वर गेला की थांबायचं, तुम्हाला विचारायचं.

आणि हो, स्क्रीनवरचा रंग प्रकाशाचा, छपाईचा रंग शाईचा. दोन्ही हुबेहूब जुळत नाहीत. हजार पाकिटं छापण्याआधी एक नमुना छापून बघाच.

नवीन माणूस कामाला ठेवला तरी आपण त्याला हे सगळं समजावतोच ना? मग एजंटसाठीही आजच एक पान लिहा!