शिकाऊ परवाना

वाचकहो, गाडी विकत घेतली म्हणजे ती रस्त्यावर चालवण्याचा हक्क मिळाला, असे नाही. त्यासाठी सरकारी परवाना लागतो. आपण त्याला लायसन म्हणतो. हे लायसन एकदम मिळत नाही. आधी शिकाऊ परवाना आणि मग पक्का.

शिकाऊ परवान्यासाठी वयाची १८ वर्षे पुरी हवीत. बिनगियरची, ५० सी.सी.पर्यंतची गाडी असेल तर १६ वर्षे चालतात. पण आईबापांची लेखी संमती लागते. बाजारातल्या बहुतेक स्कूटर याहून मोठ्या असतात, हे ध्यानात ठेवा. पुष्कळ घरी नववीतला पोरगा बापाची मोटारसायकल पिटाळतो आणि बाप कौतुकाने बघतो. आम्हांला हे मुळीच पसंत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. त्या मुलाला पुढे २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही.

आता परीक्षेचे सांगतो. अर्ज सरकारच्या ‘सारथी’ या संकेतस्थळावर भरायचा. आधार कार्डाला मोबाईल जोडलेला असेल, तर महाराष्ट्रात २०२१ पासून ही परीक्षा घरबसल्या देता येते. नाहीतर आर.टी.ओ. कचेरीत जाऊन द्यायची. प्रश्न १५, त्यांपैकी ९ बरोबर आले की पास. प्रश्न मराठीत मिळतात. अर्ज भरताना भाषा मराठी निवडा म्हणजे झाले.

प्रश्नांत रस्त्यावरच्या खुणा फार येतात. त्या आकारावरून ओळखाव्यात. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे पुढे धोका: वळण, शाळा, रेल्वेचे फाटक. लाल कडेचा गोल म्हणजे मनाई. निळा गोल म्हणजे अमुक कराच. लाल थाळीवर आडवी पांढरी पट्टी दिसली, तर त्या बाजूने आत शिरू नका. आठ कोनांची लाल पाटी म्हणजे थांबा.

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी दलालाला पैसे दिले. एकही प्रश्न न वाचता परवाना हातात आला. पुढे तालुक्याच्या गावी ते बरोबर त्या लाल थाळीजवळून आत शिरले. समोरून एस.टी. आली. जीव वाचला, पण पाय मोडला. तीन महिने खाटेवर होते. थाळी त्यांना दिसली होती. तिचा अर्थ ठाऊक नव्हता.

आमच्या रात्रीच्या वर्गातल्या एक बाई स्कूटरवरून भाजी बाजारात न्यायचे म्हणत होत्या. मुलगा म्हणाला, “आई, तू नुसती कॅमेऱ्यापुढं बस. उत्तरं मी दाबतो.” बाई म्हणाल्या, “गाडी मी चालवायची, अन् परीक्षा तू देणार व्हय?” पहिल्या खेपेला त्यांची ८ उत्तरे बरोबर आली. नापास! त्यांनी वर्गात खुणांची चित्रे काढून घेतली, रोज वाचली. दुसऱ्या खेपेला १३ बरोबर.

शिकाऊ परवाना ६ महिने चालतो. तेवढ्या काळात गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी एल अक्षर हवे. मोटार शिकताना पक्का परवाना असलेला माणूस शेजारी बसलेला पाहिजे. दुचाकी शिकताना मागे कुणाला बसवू नये. फक्त परवानाधारक शिकवणारा चालतो. शिकाऊ परवाना मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. आर.टी.ओ.ची शिबिरे तालुक्याच्या गावीही भरतात, तेव्हा जिल्ह्याला हेलपाटा घालण्यापूर्वी चौकशी करावी.

बाईंना एल अक्षर येत नव्हते. आम्ही पाटीवर काढून दिले. ते त्यांनी दोनदा गिरवले आणि मग आपल्या हाताने स्कूटरच्या पाटीवर रंगवले.