सव्वादोन तास की पंधरा मिनिटे?

मुलांनो, समजा, लंडनहून एक विमान सकाळी १० वाजता निघाले आणि दुपारी सव्वाबारा वाजता पॅरिसला पोचले. तेच विमान पॅरिसहून दुपारी १ वाजता परत निघाले आणि सव्वा वाजता लंडनला उतरले! जायला सव्वादोन तास आणि यायला फक्त पंधरा मिनिटे? वेळापत्रक छापताना चूक झाली असेल, असे तुम्हांला वाटेल. पण चूक झालेली नाही.

आधी नकाशा उघडा. लंडन ही इंग्लंडची राजधानी आणि पॅरिस ही फ्रान्सची. या दोन देशांच्या मध्ये इंग्लिश खाडी आहे. दोन्ही शहरांतील सरळ अंतर सुमारे ३४४ किलोमीटर भरते. प्रवासी विमान तासाला ८०० किलोमीटर वेगाने उडू शकते. या हिशेबाने ते अर्ध्या तासाच्या आतच पोचायला हवे. पण विमान म्हणजे काही धनुष्यातून सुटलेला बाण नव्हे. ते धावपट्टीपर्यंत हळूहळू जाते, आपली पाळी येईपर्यंत थांबते, मग वर चढते. पुरता वेग घेते न घेते तोच उतरण्याची तयारी सुरू होते. म्हणून वेळापत्रकात सुमारे सव्वा तास धरतात. २५ ऑगस्ट १९१९ रोजी या मार्गावर रोजची विमानसेवा सुरू झाली, तेव्हा अडीच तास लागत.

शिवाय विमानतळ शहरापासून दूर असतात आणि तेथे बरेच आधी जावे लागते. त्यामुळे पुष्कळ लोक आगगाडीच पसंत करतात. खाडीच्या तळाखालून खणलेला ५० किलोमीटरचा बोगदा १९९४ साली सुरू झाला. त्यातून गाडी सुमारे सव्वादोन ते अडीच तासांत थेट पॅरिस शहरात पोचते.

आता त्या पंधरा मिनिटांचे कोडे सोडवू या. वेळापत्रकात त्या त्या शहराची स्थानिक वेळ छापतात. पॅरिसची घड्याळे लंडनच्या एक तास पुढे आहेत. म्हणून जाताना एक तास वाढतो आणि येताना एक तास कमी होतो. खरा प्रवास दोन्ही वेळा सव्वा तासाचाच.

पण हा एक तास आला कोठून? पृथ्वीला १५ रेखांश फिरायला एक तास लागतो, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. पॅरिस तर लंडनच्या पूर्वेस जेमतेम अडीच अंशांवर आहे. तेथे सूर्य फक्त दहा मिनिटे आधी माथ्यावर येतो. १९११ साली फ्रान्सने आपली घड्याळे ९ मिनिटे २१ सेकंद मागे घेतली आणि दोन्ही शहरांची प्रमाणवेळ एक झाली. पुढे दुसरे महायुद्ध पेटले. जून १९४० मध्ये जर्मन सैन्याने पॅरिस जिंकले आणि तेथे बर्लिनची वेळ लागू केली. १९४४ साली ते सैन्य गेले, पण फ्रान्सने शेवटी तीच वेळ कायम ठेवली.

पॅरिसला उतरल्यावर मोबाइल फोन आपोआप एक तास पुढे जातो. मनगटावरचे घड्याळ मात्र स्वतःच पुढे करावे लागते. जो विसरतो, त्याची पुढची गाडी चुकते.